कौलाचा तुकडा आणि सासऱ्यांची मोजणी

जर्मनीतल्या डार्मश्टाटहून निघालेल्या बसने ओडेनवाल्डच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात आम्हा दोघांना उतरवलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दोघे म्हणजे मी आणि माझे सासरे, अण्णा. साताऱ्याकडच्या जमिनी मोजण्यात त्यांची सारी सरकारी नोकरी गेलेली. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं. तीन आठवड्यांत मी राजवाडे, चर्च, तळी सगळं दाखवलं होतं. पण "बरं आहे" याच्यापुढे ते गेले नव्हते. लग्नाला चौदा वर्षं झाली, सासऱ्यांची शाबासकी काही मिळालेली नव्हती. आज ती मिळवायचीच, असं ठरवून मी निघालो होतो.

गावाबाहेर रोमन काळातल्या शेतघराचं ग्राबुंग (उत्खनन) चालू होतं. बीटच्या शेताशेजारी गुडघाभर खोल चर, त्यात दगडी पायाच्या ओळी. प्रमुख बाई, फ्राऊ हेलर, चिखलाच्या बुटांनी आम्हाला हिंडवत होत्या. इथे तळघर, इथे न्हाणीघर. अण्णांनी कोपऱ्याशी उकिडवं बसून एक डोळा मिटला.

"काटकोन पक्का आहे. आमच्या खात्यात असता, तर बढती मिळाली असती."

मी भाषांतर केलं. "गेनाऊ (अगदी बरोबर)!" म्हणत बाई खळखळून हसल्या. मग चराच्या काठावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. बाईंनी लसणाची चटणी चाखली आणि बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

परतताना वाटेपलीकडच्या नांगरलेल्या शेतात मला लाल कौलाचा तुकडा दिसला. नाडी बांधायचं निमित्त करून मी तो खिशात टाकला आणि बस थांब्यावर अण्णांच्या हातात ठेवला.

"घ्या अण्णा, अस्सल रोमन! साताऱ्याच्या शोकेससाठी."

"जावईबापू, कुठून उचललंत हे?"

"असंच... शेतातून."

"हद्दीचे दगड सरकवणारे आयुष्यभर पकडले मी. आता घरातच निघाला एक. चला परत."

"अहो, बस आली! पुढची दोन तासांनी आहे."

"मग दोन तास आहेत."

बस डोळ्यांदेखत गेली. आम्ही पुन्हा चढ चढलो. तुकडा पाहताच बाईंचं हसू मावळलं. "नेमका कुठे होता?" वस्तू कुठे पडली होती, यावरच त्यांचं सगळं गणित. मी "तिकडे" म्हणून हात फिरवला. त्यात पाच एकर मावत होते.

अण्णा वाटेवरच्या सफरचंदाच्या झाडाला पाठ लावून उभे राहिले आणि मोजत चालू लागले. "शेहेचाळीस, सत्तेचाळीस... इथे."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"चालताना पावलं मोजायची सवय आहे. आणि तुम्ही नाडी बांधायला वाकलात ते इथेच. तुमच्या बुटांना नाडीच नाही, चिकटपट्टी आहे."

ओल्या मातीत खळगा तसाच होता. तुकडा त्यात नेमका बसला.

"साधं कौल आहे," बाई म्हणाल्या, "पण वाटेच्या या बाजूला आजवर काहीच मिळालं नव्हतं." त्यांनी तिथे खुंटी ठोकली आणि पिशवीवर लिहायला नाव विचारलं. मी अण्णांकडे बोट दाखवलं.

"छे! जागा मी दाखवली. उचलला तुम्ही, नाव तुमचंच."

परतीच्या बसमध्ये अण्णांनी बुटांवरचा चिखल पुसला. मग म्हणाले, "एवढा चढ पुन्हा चढलात, पण कुरकुर नाही केलीत. आवडलं मला."

चौदा वर्षांतली पहिली शाबासकी. वास्तविक तो चढ मी अखंड कुरकुरतच चढलो होतो, फक्त जर्मनमध्ये. सांगून टाकावं असं मनात आलं. पण त्या दिवशी एक वस्तू परत करून झाली होती. दुसरी परत करायची माझी हिंमत झाली नाही.