न्हाणीमागच्या मुंग्या

लग्न होऊन भाजे गावी आले त्या उन्हाळ्यात सासरी मला एक जबाबदारीचं काम मिळालं. मामंजी न्हाणीमागच्या दगडापाशी लघवीला जाऊन आले की तिथे मुंग्या लागतात का, ते बघायचं. डोक्यावरचा पदर सावरत मी मुंग्या शोधत बसे. माहेरी स्वयंपाक शिकवला होता, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मामंजींच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल, असं लोणावळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आंब्यातली साखर आतड्यातून रक्तात जाते, रक्त ती अंगभर फिरवतं, पण पेशींची दारं उघडतच नाहीत, म्हणून ती लघवीतून निघून जाते. इंजेक्शननं दारं उघडतील, असं त्यांनी समजावलं. मामंजींनी नीट ऐकून विचारलं, "म्हंजी आंबा खायाचा मी, आन् पोचायचा मुंग्यांला?"

सासूबाईंनी आंब्याची अढी, साखर, गूळ, सगळं शेजारी धाडलं. आंबा आता घरात कुणीच खायचा नव्हता. माझे यजमान रोज सकाळी सुई टोचत. पंधरा दिवसांत मुंग्या यायच्या थांबल्या, तेव्हा सासूबाई त्या दगडाला हळदकुंकू वाहायला निघाल्या होत्या.

मी मात्र तांदळाच्या कणगीत चार आंबे लपवले होते. एका दुपारी त्यातला एक न्हाणीमागे खाल्ला आणि हात त्याच दगडावर धुतले. संध्याकाळी तिथे मुंग्यांची रांग. सगळं घर मामंजींवर तुटून पडलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे कबूल केलं, आंबा मीच खाल्ला. मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

ते ऐकून डॉक्टरांनी इंजेक्शनचं औषध वाढवलं. तिसऱ्या सकाळी मामंजींनी दारातल्या बैलाला, भाऊ, बसा, म्हणून आग्रह केला आणि मला त्याच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. आम्ही हसलो. मग त्यांचे थरथरणारे हात दिसले, घामानं भिजलेला सदरा दिसला. औषध जास्त झालं तर रक्तातली साखर संपते, लगेच गोड द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात गुळाचा खडाही नव्हता. मी सगळ्यांदेखत कणगीत कोपरापर्यंत हात घातला, आंबा काढला आणि त्यांच्या तोंडात पिळला.

पुढे जखम भरली, पायही वाचला. त्या सकाळी मात्र बैल हा बैलच आहे हे ओळखू येताच मामंजींनी ओठ पुसले. सासूबाई माझ्या हातांकडे बघत होत्या.

"तिला काय बोलू नगा," ते म्हणाले. "कणगीत आंबं हायेत, मला पयल्या दिसापासनं ठावं हुतं. रोज जाऊन वास घ्यायचो. हात न्हाई लावला."