तिसऱ्या दिवसाचा आकडा

माझ्या शोधनिबंधांची यादी आता चांगली लांबली आहे. तिच्यातला पहिला निबंध सरकीच्या कोंबांतल्या आरएनएवर आहे, आणि त्यातला एक आकडा मी मनानेच लिहिला होता.

साठच्या दशकातला अकोल्याचा उन्हाळा. आरएनए उष्म्याने नासतं, म्हणून कोंब बर्फात ठेवून खलात वाटायचे आणि रोज मोजमाप घ्यायचं. तिसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेला बर्फ सायकलवरच विरघळला, आणि त्या दिवसाचं मोजमाप झालंच नाही.

संध्याकाळी अमरावतीहून आलेल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "काय रे लेका, बर्फ पुरला?"

"पुरला, सर."

"वा! मले वाटलं, एवढ्या उन्हात सारंच नासते."

त्यांनी आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना उसाचा रस पाजला. तशी माया पुन्हा लाभली नाही. सर मात्र निवृत्त होईपर्यंत तोच आकडा वर्गात शिकवत राहिले, आणि पुढे शेजारच्याच वर्गात शिकवू लागलेला मी गप्प राहिलो.