शिंक, म्हैस आणि आंतरदेशीय पत्र

माझ्या सासऱ्यांची शिंक मी एका आंतरदेशीय पत्रात लिहिली आणि ती दुसरबीडला गाजली.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, माझं लग्न होऊन सहा महिने. सासर चिखलीचं, माहेर दुसरबीडचं. आईला वाचता येत नसे, म्हणून शेजारचे मास्तर माझं पत्र आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत. नुसत्या खुशालीनं आईचं समाधान होईना. मग मी घरातल्या बारीकसारीक गमती लिहू लागले. मामाजी (म्हणजे सासरे) गरम भाकरीचा पापुद्रा उघडताना कसे डोळे मिटतात, जणू देव्हाऱ्याचं दारच उघडतायत! ऐकायला हळूहळू निम्मी आळी जमू लागली. मला काय, चढलीच!

त्या भरात मी शिंक लिहिली. मामाजींची शिंक येता येता थांबते, सारं घर श्वास रोखून बसतं, आणि ती आली की दिवाळी झाल्यासारखं वाटतं! वर आणखी लिहिलं, 'मामाजी पहाटे म्हशीशी इतकं गोड बोलतात की ऐकत राहावं. आत्याबाईंशी (म्हणजे सासूबाईंशी) तसं बोललेलं मी अजून ऐकलं नाही.'

पत्र टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पटका बांधत म्हणाले, "दुसरबीडले जाऊन राह्यलो. बैलजोडी पाह्यची हाय. दुपारी तुह्याच घरी जेवतो."

माझ्या हातातला तांब्या निसटला. पत्र आजच पोचणार!

"मामाजी, आज ऊन लय हाय."

"मंग का बैल सावलीत इकतेत?"

"एस.टी.ले गर्दी असन."

"उभा जाईन."

"मह्या घरी आज उपास हाय!"

"कोनाचा?"

"समद्यांचा!"

ते गेले. मी भाजीत दोनदा मीठ घातलं, वरणात एकदाही नाही. दुपारी आत्याबाईंनी धरलंच.

"काऊन वं, आज ध्यान कुठं हाय तुहं?"

मी रडत सगळं सांगितलं. म्हशीसकट. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मास्तर मोठ्यानं वाचते?"

"हाव."

"समद्याइले ऐकू जाते?"

"हाव."

"बरं झालं!" म्हणाल्या, आणि डाळ निवडू लागल्या. (मला आणखीच घाम फुटला.)

दिवे लागायच्या सुमारास मामाजी आले. सोबत बैल नव्हते. पाणीही न पिता म्हणाले, "सूनबाई, कागद अन् टाक आन."

संपलं! आता माझ्या बापाला चिठ्ठी जाणार, 'पोरीला घेऊन जा', आणि तीही माझ्याच अक्षरात! (मामाजींनाही लिहिता-वाचता येत नसे.)

"तुह्या मायनं मोठ्या कौतुकानं पत्र वाचाले लावलं," ते म्हणाले. "मास्तर मधातच थांबला, मह्याकडं पाहे. मी म्हनलं, वाच. लोकं पोट धरून हासले. मंग मले बी राहवलं नाही, मी बी हासलो. पन ते म्हशीचं लिवाले नव्हतं पायजे."

"काऊन? खोटं हाय का?" आतून आत्याबाई.

मामाजींनी पटका सोडून खुंटीला अडकवला. "अन् शिंकेचं तू लय थोडक्यात आटपलं. आता मी सांगतो तसं लिही."

तेव्हापासून दर आठवड्याला मामाजी सांगत आणि मी लिहीत असे. 'शिंका एकूण अकरा आल्या. म्हैस ठीक आहे. घरात मी सर्वांशी गोड बोलतो.'

दोन महिन्यांनी आईचं उत्तर आलं, मास्तरांच्या अक्षरात. 'बाई, हल्ली तुझं पत्र सुरू झालं की लोक उठून जातात. पहिल्यासारखी मजा राहिली नाही. सासरी त्रास तर नाही ना? कोणी बळजबरीनं लिहून घेत असेल तर तसं कळव.'

मामाजी समोरच बसले होते. म्हणाले, "वाच मोठ्यानं."

मी वाचलं, "इकडे सर्व खुशाल आहे," आणि पत्राची घडी घातली.

एवढं थोडक्यात आटपायची अक्कल मला शिंकेच्या वेळी आली असती तर!