वॉचमनची चाल

प्रभावतीनं पहिला गेम बनवला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. गेमचं नाव ठेवलं 'ऊसचोर'. अंकुशनगर या साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या पोरांना हा शब्द समजावून सांगायची गरज नव्हती. गाळप सुरू झालं की ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग कारखान्याच्या रस्त्याला लागायची आणि कॉलनीतली पोरं मागून हळूच ऊस ओढायची. त्यांच्यामागं काठी आपटत, शिट्टी फुंकत गाड्या थांबायच्या यार्डाचा वॉचमन यायचा. हा वॉचमन म्हणजे प्रभावतीचे वडील, तातेराव.

तातेरावांचा डावा पाय लहानपणीच तापात गेला होता. चालताना आधी त्यांचा खांदा पुढं यायचा, मग कंबर एका अंगाला कलायची आणि शेवटी पाय मातीतून घासत यायचा. खाकी ड्रेसला इस्त्री केल्याशिवाय मात्र ते कधी ड्युटीवर गेले नाहीत. त्यांनी एकाही पोराला पकडलं नाही. पोरगं ऊस घेऊन चांगलं लांब गेलं की मगच त्यांची शिट्टी वाजायची.

बारावीनंतर प्रभावती अंबडला काकासाहेबांच्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागली आणि काही महिन्यांत तिथंच शिकवू लागली. साल एकोणीसशे नव्याण्णव. दुपारी क्लास रिकामा असे. त्या वेळात तिला जुन्या मशीनमध्ये प्रोग्राम लिहायची निळी खिडकी सापडली. त्यातलं काकासाहेबांनाही काही येत नव्हतं. "मशीन बिघडली तर मी जिम्मेदार न्हाई," एवढंच ते म्हणाले. सूचना सगळ्या इंग्रजीत. प्रभावती मांडीवर शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावायची, लिहून बघायची, चुकली की पुन्हा लिहायची. बटण दाबल्यावर पडद्यावरचा एक पांढरा ठिपका पहिल्यांदा डावीकडं सरकला, त्या दिवशी ती खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. सांगणार कोणाला?

ठिपक्यांची गाडी झाली, गाडीमागं पोरगं झालं. वॉचमन मात्र जमेना. त्याचे पाय कात्रीसारखे नुसते उघडमीट करायचे. मग तिनं डोळे मिटले आणि तिला अगदी पाठ असलेली चाल आठवली. खांदा, कंबर, घासत येणारा पाय. तिनं चार चित्रं काढली, एकापाठोपाठ एक दाखवली, आणि पडद्यावर खराखुरा माणूस चालायला लागला. रिकाम्या क्लासमध्ये प्रभावती मोठ्यानं हसली. शेवट काहीतरी गमतीचा हवा म्हणून, पोरगं जिंकलं की वॉचमन चिखलात तोंडावर आपटतो, असं तिनं केलं.

क्लासमधली पोरं गेमवर तुटून पडली. आठवड्याभरात फ्लॉपीवरून तो जालन्यापर्यंत गेला. "मॅडम, मला पण शिकवा ना," असं म्हणत चार-पाच पोरं दुपारीही थांबू लागली. प्रभावती त्यांना ठिपका सरकवायला शिकवायची. आपल्याला कोणी मॅडम म्हणतंय, याचंच तिला अप्रूप होतं.

एका रविवारी क्लासच्या दारात तातेराव उभे राहिले. इस्त्रीचा ड्रेस, तेल लावलेले केस, हातात पेढ्यांचा पुडा.

"कॉलनीत सगळे म्हणून राह्यले, पोरीनं तुला कॉम्प्युटरमधी घातलं," ते म्हणाले. "म्हणलं, बघून तर येवावं."

आज मशीन बंद आहे असं सांगावं, हे प्रभावतीच्या मनात आलं. पण एका पोरानं तोवर खुर्ची सरकवून गेम लावलासुद्धा. तातेराव पडद्याजवळ वाकले. खाकी रंगाचा छोटा माणूस खांदा टाकत, पाय घासत आला. पोरगं ऊस घेऊन पळालं. माणूस चिखलात आपटला. मागची पोरं सवयीनं खिदळली, आणि मग त्यांतल्या एकाचं लक्ष तातेरावांच्या पायाकडं गेलं. हसू एकदम थांबलं.

"बराबर हाये," तातेराव म्हणाले. "चाल बराबर हाये." पुडा टेबलावर ठेवून ते निघाले. जिना उतरतानाचा पायाचा आवाज प्रभावतीनं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. ती खाली गेली नाही. सगळ्या पोरांसमोर त्यांच्यामागं जायचा तिला धीर झाला नाही.

पुढच्या महिन्यात कॉलनीतली पोरं त्यांच्यामागं खांदा टाकत चालायला लागली. कोणी मुद्दाम चिखलात पडून दाखवायचं. तातेरावांनी रातपाळी मागून घेतली. दिवसभर अंबडला असणाऱ्या प्रभावतीला हे सगळं आईकडून, गिरिजाबाईंकडून कळलं.

"तुझा बाप दिवसा भाईर निघत न्हाई आता," गिरिजाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "बाबासाहेबांच्या जयंतीलाबी घरात बसून राह्यला. एवढं शिकून हेच केलं का तू?"

त्या दिवशी प्रभावती क्लासला गेली नाही; दुपारी तातेराव झोपून उठल्यावर ती त्यांच्यासमोर बसली. बोलताना तिची मान वर होत नव्हती.

"आबा, माझं चुकलं. मला दुसरी कोणाची चाल येतच नव्हती."

तातेरावांनी विचारलं, "करताना तुला हसू आल्तं का?"

नाही म्हणता आलं असतं. ते हसू चाल जमल्याच्या आनंदाचं होतं, असंही सांगता आलं असतं. पण त्याच हसण्याच्या भरात तिनं पुढं वॉचमनला चिखलात पाडलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"आल्तं," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि तोंड धुवायला उठले. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि तिला तेच जास्त लागलं.

तिनं क्लासमधल्या सगळ्या मशीनवरून गेम पुसला. पण लोकांच्या घरच्या फ्लॉप्या कशा पुसणार? मग तिनं नवा गेम केला. त्यात खेळणारा स्वतः वॉचमन होता आणि गाड्यांची रांग त्याला सांभाळायची होती. पोरांनी तो एकदा खेळून बाजूला ठेवला. "जुनाच भारी होता मॅडम," ती म्हणाली.

पुढं प्रभावती तेच काम करत राहिली. शाळांसाठी पाढ्यांचे आणि नकाशांचे गेम केले, सीडीवर घालून स्वतः गावोगाव दिले. नंतर मोबाइलवरचे छोटे गेम केले. दोन हजार पाचच्या सुमारास तातेराव रिटायर झाले आणि तिघं अंबडला दोन खोल्यांत राहायला आली. पुढच्या खोलीत जुने दोन कॉम्प्युटर टाकून ती पोरापोरींना गेम बनवायला शिकवू लागली. कोणी ओळखीच्या माणसाचं चित्र गेममध्ये घालायचं म्हटलं की ती सांगायची, "आधी त्याला विचारून या. त्याच्यासमोर चालवून दाखवा." पोरं कुरकुरायची. काही जण सोडूनही गेले. लाइट गेली की ती पोरांना अंगणात बसवून कागदावर चित्रं काढायला लावायची. शिकवताना ती चांगली बोलायची, पण कोणी कौतुक केलं की गप्प व्हायची.

एकदा वडीगोद्रीहून संपत नावाचा तरुण शिकायला आला. हायवेवर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

"मॅडम, ऊसचोर तुमचाच ना? मी सहावीत होतो. त्याच्यामुळंच मला या सगळ्याचा नाद लागला. तो वॉचमन तर काय..." असं म्हणत तो उठला आणि खांदा टाकून, पाय घासत खोलीत चालून दाखवू लागला.

आतल्या दाराशी खुर्चीवर तातेराव बसले होते. प्रभावतीला 'थांब' म्हणायचं होतं, पण ती पडद्याकडंच बघत राहिली. तातेराव उठले, संपतच्या शेजारून चालत माठापर्यंत गेले, पाणी प्यायले आणि तसेच परत येऊन बसले. संपत जागच्या जागी उभा होता. त्याचा चेहरा उतरला. पिशवी उचलून तो निघून गेला.

तो पंधरा दिवसांनी आला, तेव्हा प्रभावती आत होती. दारातूनच त्यानं तातेरावांना "जयभीम काका" म्हटलं.

"जयभीम. ये, बस. त्या दिशी पळून गेल्ता ना?" तातेराव म्हणाले.

प्रभावती हे आतून ऐकत होती. पुढं काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही, कारण तिनं मुद्दाम नळ सोडला होता. भांडी धुऊन झाल्यावर ती बाहेर आली आणि संपतला पहिला धडा द्यायला बसली. पण शिकवताना तिनं वडिलांकडं एकदाही पाहिलं नाही; पंधरा दिवसांनी का होईना हा पोरगा त्यांच्यासमोर आला होता, ती मात्र त्या रविवारी जिना उतरून खाली गेली नव्हती.