तास तिचा होता

पीएच.डी. करणाऱ्यांना शिकवता येतं का, हे आमच्याकडं कुणी विचारत नसे. प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, की माणूस कॉलेजात लागायला मोकळा. मग जुन्या नोट्स वाचून दाखवायच्या आणि पोरांनी त्या उतरवून घ्यायच्या. अंबाजोगाईत अर्थशास्त्र शिकवताना मी अशी माणसं पुष्कळ पाहिली. म्हणून माझ्या हाताखाली संशोधन करणाऱ्यांना मी आठवड्यातून एकदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षावर उभं करायचे. त्यांनी हातात कागद न्यायचा नाही. मी शेवटच्या बाकावर बसणार आणि घंटा होईपर्यंत तोंड उघडणार नाही.

स्वतःसाठी केलेला हा नियम किती जड आहे, ते मला एका दुष्काळी वर्षात कळलं.

त्या वर्षी माझ्याकडं कडा गावाजवळच्या खेड्यातली एक मुलगी होती. तिचा विषय उपसा सिंचनाच्या सहकारी संस्था. तलावातलं पाणी मोटारींनी उचलून पाइपलाइननं सभासदांच्या रानात नेणाऱ्या संस्था. त्यासाठी ती गावोगाव हिंडली होती, लिहायची उत्तम. वर्गात मात्र फळ्याकडं तोंड करून बोलायची.

"पोरांकडं बघितलं की माझं पुढचं वाक्य जातंय, मॅडम."

"जाऊ दे. दुसरं येईल," मी म्हणायचे. तिला ते पटायचं नाही.

त्या दिवशी तास सहकाराच्या तत्त्वांवर होता. वीज गेलेली. निम्मे बाक रिकामे, कारण बरीच पोरं गावी टँकरची वाट बघत थांबलेली, नाहीतर जनावरांसोबत चारा छावणीवर. तिनं फळ्यावर लिहिलं: एक सभासद, एक मत.

खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, मत एकच आसतंय, खरं हाय. पर आमच्या सोसायटीत पाणी सोडायच्या वॉलची चावी एकाकडंच हाय. आमचं रान शेवटाला. दिवाळीपासून आमच्या पाइपात नुसतं वारं हाय."

मागून दुसरा उठला. त्याचे मामा त्याच सोसायटीचे चेअरमन, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

"कोनाकडं हाय चावी? नाव घे की बे."

"सगळ्याला म्हाईत हाय."

"मग घे ना. कावून घेईना?"

बाक करकरला. भाचा मधल्या वाटेत आला, तसा पहिलाही बाकाबाहेर पडला. मुलींनी दप्तरं जवळ ओढली. शेजारच्या खोलीतलं शिकवणं थांबल्यासारखं वाटलं. मी उठले. माझ्या एका आवाजानं दोघं खाली बसले असते, याची मला खात्री होती.

तिनं मला पाहिलं. आणि तळहात खाली दाबत, घरातल्या थोरल्या बाईनं करावी तशी, मला बसायची खूण केली.

मी बसले. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"नाव कुणीच घ्यायचं नाही," ती म्हणाली. तोंड वर्गाकडं होतं. "तू इकडं ये. तुमची पाइपलाइन फळ्यावर काढ. तलाव कुठं, मोटार कुठं, पाणी कुठवर येतंय. आणि तू," ती भाच्याला म्हणाली, "त्यात चूक दिसली तर सांगायची. तोंडानं सांगायची."

पहिल्यानं तलाव काढला, रेघ ओढली. रेघ मामाच्या रानापाशी आली तशी भाच्याची मान ताठ झाली. तो दाराकडं गेला आणि दार आपटून निघून गेला.

"पुढं काढ," ती पहिल्याला म्हणाली.

तासानंतर स्टाफरूममध्ये ती पाण्याचा पेला हातात धरून बसली. प्याली नाही.

"मी त्याला घालवलं, मॅडम."

"तो गेला."

"एकच की ते."



दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. चेअरमन येऊन गेले होते, आणि कॉलेज चालवणाऱ्या मंडळींत त्यांची उठबस होती. "पुढचा तास तुम्हीच घ्या," प्राचार्य म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता.

"टाइमटेबलात तास माझ्या नावावर आहे, सर. काही झालं तर मला विचारा."

"बघा बुवा," एवढंच ते म्हणाले.

मी तिला सगळं सांगितलं. नोकरीत हेही येतं. ते आधीच कळलेलं बरं.

"पुढं मला नोकरी इथंच मागायचीय ना?" तिनं विचारलं.

"हो."

"येते मी तासाला," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिनं तेच चित्र स्वतः पुन्हा काढलं. ती बोलायला लागली तोच भाचा दारात उभा. "येऊ का, मॅडम?"

"ये."

तो बाकाकडं गेला नाही, सरळ फळ्यापाशी गेला. त्यानं खडू उचलला आणि रेघेच्या मधोमध फुली मारली.

"हितं गळती हाय. त्यानं दाखवलीच न्हाई. आमच्या मामाला बी पाणी लई कमी यायलंय."

खिडकीजवळचा म्हणाला, "गळती हाय. पर चावी बी हाय."

भाच्यानं खडू खाली ठेवला. "हाय," हळूच म्हणाला, आणि दाराजवळच्या बाकावर बसला.

"गळती कुणी काढायची?" तिनं विचारलं. "तुमच्या सोसायटीची सभा शेवटची कधी झाली?"

दोघांनाही ते सांगता येईना. घंटा झाली तरी वर्ग उठला नाही.

पुढं आमच्या कॉलेजात जागा निघाली. मुलाखतीत तिला विषयावरचा एकही प्रश्न विचारला नाही, आणि निवड दुसऱ्याचीच झाली. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. काही महिन्यांनी तिला दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं. ते सांगायला ती घरी आली. मी तिला चहा दिला.

तिनं विचारलं, "मॅडम, तिकडची पोरं प्रश्न विचारत्यात का हो?"

"माहीत नाही गं."

"बघते," ती म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून चहा अर्धा ठेवून उठली.