बटण चावतो

टेलरताईच्या पुढच्या खोलीत, शिवणाच्या मशीनखाली, एक कुत्रा झोपायचा. त्याचं नाव बटण. तिथेच आपली पहिली चूक झाली, असं ताई कपाळाला हात लावून सांगायची. गोल काळं नाक पाहून हौसेने ठेवलेलं नाव; पण बटण म्हटल्यावर घाबरणार कोण? राक्षस म्हटलं असतं, तर निम्मी गिऱ्हाइकं दारातूनच बोलली असती.

बटण मुळात वाईट नव्हता. शेजारचे भाडेकरू घर सोडताना त्याला मागे टाकून गेले, आणि त्याआधी त्यांनी त्याच्या डोक्यात बरंच काही हाणलं असावं. समोरून कोणी डोक्याकडे हात नेला की तो अंग आखडायचा, ओठ चाटायचा, तोंड फिरवायचा. एवढं सांगूनही समोरच्याला कळलं नाही, तर दात लावायचा. ताई सांगून सांगून थकली होती. आधी मला विचारा. त्याच्यावर वाकू नका, डोळ्यांत बघू नका. हात खाली सोडून जरा तिरके उभे राहा. त्याला वाटलं तर येईल, हुंगेल. नाही आला तर तुमचं काय अडलंय? सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दारावर पाटी लावली, तर लोक ती वाचून हसायचे आणि "कुठाय आमचा बटण्या?" म्हणत थेट मशीनखाली हात घालायचे. रस्त्यातल्या अनोळखी माणसाचे केस असे कुरवाळतील का ही मंडळी?

दोघांना दात लागलेच होते. वरच्या मजल्यावरच्या घरमालकांनी बजावलं होतं, "ताई, आता एक जरी तक्रार आली, तरी कुत्रा इथून जाणार. मग रडायचं नाही." बटणला दुसरं घर नव्हतं. आणि दिवसभर मशीन चालवताना ताईला तरी बोलायला दुसरं कोण होतं?

एका दुपारी एक भारदस्त साहेब नवी पँट आखूड करून घ्यायला आले.

"वा! कुत्री माझ्यावर जीव टाकतात हं."

"हा चावतो, साहेब."

"अहो, कुत्र्यांना माणूस कळतो."

'पण माणसाला कुत्रा कळतो का?' हे ताईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पडलं गिऱ्हाईक, म्हणून तिने ओठांत टाचण्या धरल्या आणि खाली बसून पँटची घडी टाचायला घेतली. तेवढ्यात साहेब वाकले. बटणने ओठ चाटले, तोंड फिरवलं. साहेबांचा हात पुढेच. ताईला ओरडता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिने स्वतःचा हात मध्ये घातला आणि दात तिच्या अंगठ्याखाली रुतले. टाचण्यांचा डबा खण्णकन पडला. बटण कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटला.

"बघा!" साहेब खूश. "मला काही केलं नाही. म्हटलं ना, माणूस कळतो!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जिन्यावर मालकांची पावलं वाजली. तिने टाचण्या थुंकल्या, हाताला अस्तराचा तुकडा गुंडाळला आणि हात पाठीमागे लपवला.

"काय झालं? चावला की काय पुन्हा?" मालकांनी दारातूनच विचारलं.

"छे हो, डबा पडला. चावत नाही तो. गरीब आहे." हे आपण बोललो, याची तिची तिलाच लाज वाटली.

"लाख कुत्रा आहे!" साहेबांनी री ओढली.

मालकांचा चेहरा सैलावला. "म्हणजे आम्हीच उगाच बदनाम केला बिचाऱ्याला," म्हणत ते आत आले आणि थेट कोपऱ्याकडे वाकले. बटणच्या मागे भिंत होती, पुढे मालकांचा हात.

"हात मागे घ्या!" ताई किंचाळली. "चावतो तो! आत्ताच चावलाय!" आणि तिने लाल झालेलं अस्तर पुढे धरलं.

मालकांनी झटकन हात मागे घेतला. इतक्या दिवसांत ताईचं पहिल्यांदाच कोणीतरी ऐकलं होतं, आणि ऐकणारा नेमका हाच निघाला.