तुस्कानो मास्तरांचा श्वास

मास्तरांनी चुकीच्या जागी श्वास घेतला, आणि ते फक्त मला कळलं.

शुक्रवारची सकाळ होती. दुकानाचं शटर अर्धं खाली, आत आम्ही चौघं. मास्तर सॅक्सोफोनवर त्यांची जुनी धून वाजवत होते. त्यातली एक लांबलचक ओळ ते एका दमात काढायचे. त्या दिवशी ओळीच्या मध्येच थांबले, श्वास घेतला, आणि पुढे गेले. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. बाकी दोघांनी टाळ्या वाजवल्या!

कॅसेटच्या दुकानात किस्से साचतात ते मशीनच्या हेडवरच्या भुग्यासारखे. रोज कापसाने पुसा, कापूस तपकिरी होतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच भुगा. आता आमच्यातलं कुणी भेटलं की हेच किस्से निघतात. सगळे हसतात. मीही हसते, पण माझं हसू मध्येच कुठेतरी अडकतं.

दुकान बहारीनमध्ये, मनामा शहरातल्या गुदैबियात, खाली उडप्याचं हॉटेल आणि वर आपल्याच लोकांचे फ्लॅट. गिऱ्हाइकाने रेकॉर्ड निवडायची, आम्ही ती कॅसेटवर उतरवून द्यायची. मशीनवर परबभाऊ, मालवणचे. काउंटरवर मी, कार्डांवर गाण्यांची नावं टाइप करायला. माझा नवरा तुबलीला एका वर्कशॉपात स्टोअरकीपर. मी बी.ए. झालेली, दिवसभर फ्लॅटमध्ये बसून पंख्याच्या आवाजालाही घाबरायला लागले होते, म्हणून त्याने मला इथे चिकटवलं. मालक युसुफभाई बहारिनी. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला असायचे, त्यामुळे भाईंचं हिंदी माझ्यापेक्षा बरं.

*

पहिल्याच दिवशी मी दुकानाची इज्जत काढली.

त्या मशीनची टेप संपली की बटण आपोआप वर उडायचं. खटाक! मी किंचाळले. काउंटरसमोर एक अरब गृहस्थ कॅसेट बघत होते, ते कॅसेट टाकून थेट रस्त्यावर गेले.

परबभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं.

"वयनी, मशीन थांबला. जग नाय!"

*

पण माझी खरी कीर्ती झाली ती जळक्या वासाने.

एके दुपारी मला वायर जळाल्याचा वास आला. मी मेन स्विच बंद केला, तीन गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, खालच्या उडप्याला वर बोलावलं. तो बादली घेऊन धावत आला. युसुफभाई हुंगत हुंगत मागच्या खोलीत गेले आणि हातात एक डबा घेऊन बाहेर आले. परबभाऊंनी गावाहून आणलेली सुकट, हीटरवर भाजायला ठेवलेली!

तेव्हापासून मी काही भीतीचं बोलले की दुकानात एकच उत्तर. "वयनी, सुकट असतली."

युसुफभाईंनीसुद्धा तो शब्द उचलला. "क्या बहन, फिर सुकट?"

*

तुस्कानो मास्तर पहिल्यांदा आले ते एक जुनी तबकडी छातीशी धरून. वसईचे ख्रिश्चन, घरी मराठी बोलणारे. लहानपणी चर्चच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, मग मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन, आणि आता साठी उलटल्यावर मनामातल्या एका हॉटेलच्या लाऊंजमध्ये. लोक जेवत असतात, हे वाजवत असतात.

"बाय, ही जपून उतरव," ते मला म्हणाले. "हिच्यावर माझं नाव आहे. बाकी अडतीस तबकड्यांवर मी आहे, पण नाव दुसऱ्यांचं."

एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मुंबईत जाझचे बँड रेकॉर्डिंग करायचे तेव्हा लेबलवर फक्त लीडरचं नाव छापलं जायचं. मागे बसून वाजवणाऱ्यांचा कुठेच पत्ता नाही.

"मग तुम्ही त्यात आहात हे कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"श्वासावरून. सूर कुणीही माझ्यासारखा काढील. श्वास ज्याचा त्याचा."

त्यांनी सुई टेकवली. सॅक्सोफोन सुरू व्हायच्या आधी खरखरीत एक श्वास ऐकू आला. अर्धा आत गेला, क्षणभर थांबला, मग उरलेला. पायरीवर पाय टेकून वर चढावं तसा.

"हा मी," मास्तर म्हणाले.

*

युसुफभाईंचा विश्वास बसेना. त्यांनी मास्तरांना पाठमोरं बसवलं आणि फळीवरच्या जुन्या तबकड्या एकामागून एक लावल्या.

"नाही. नाही. हा नाही, हा बिचारा उपाशी आहे. नाही... हा मी! आणि त्या दिवशी मला सर्दी होती."

तबकडी उलटून लावली. खरोखरच नाक चोंदल्यासारखा श्वास.

"खलास!" युसुफभाईंनी हात जोडले. "परब, यल्ला, मास्टर के लिए चाय!"

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी आमची बैठक. मी मास्तरांची यादी टाइप करायला घेतली. वरच्या भागात लीडर म्हणून, खालच्या भागात साथीला. वरच्या भागात एकच ओळ, तरी त्यासाठी त्यांनी माझ्याकडून अख्खा कागद सोडून घेतला.

"पण मास्तर," मी एकदा म्हणाले, "तुमच्याच तबकडीवर तुमचा सोलो सगळ्यांत लहान कसा?"

"लीडर होतो ना! ड्रमरला शोधून आणायचं, पियानोवाल्याला उठवायचं, सगळ्यांचं जेवण बघायचं. वाजवायला वेळ कुठे होता?"

*

यादीतली एक तबकडी मात्र त्यांनी खोडायला लावली.

"हा मी नाही."

मी ती खोडली. पण एव्हाना मीही मशीन शिकले होते, आणि ती मीच उतरवून घेतली होती. तबकडी उतरवायची म्हणजे ती पूर्ण वाजेपर्यंत बसून ऐकावी लागते, आणि असा त्यांचा श्वास मी शेकडो वेळा ऐकला होता. तो त्यांचाच होता. फक्त त्या दिवशी तो फार घाईत होता.

मास्तर गेल्यावर परबभाऊंनी सांगितलं. त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी वसईहून निरोप आला होता, बायको शेवटच्या घटका मोजतेय. लीडर म्हणाला, एवढी बाजू पुरी करून जा. मास्तरांनी पुरी केली. घरी पोचले तेव्हा नऊ वर्षांची मुलगी, रोझी, गेलेल्या आईजवळ एकटी बसली होती. ती अजून वसईलाच आहे. तिला पाठवलेली पत्रं न उघडता परत येतात.

मी मास्तरांना एकदाच विचारलं, "तुम्ही तेव्हाच निघून का नाही गेलात?"

"लीडर असतो तर मीच मला सोडलं असतं," मास्तर म्हणाले.

*

रोझीसाठी एक कॅसेट करायची ठरली. लीडर म्हणून एक, साथीच्या सदतीस तबकड्यांमधले निवडक तुकडे. परबभाऊ रजेवर जाणार होते, ते स्वतः वसईला जाऊन देणार होते.

परबभाऊंनी जीव ओतला! तीन दिवस कुणाला मशीनजवळ फिरकू दिलं नाही. शुक्रवारी अभिमानाने कॅसेट लावली.

मास्तर ऐकत राहिले. एक गाणं झालं, दुसरं झालं. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"परब, माझा श्वास कुठे गेला?"

"तो घॉ घॉ आवाज ना? सगळो काढलंय! जिथे जिथे येता, तिथे आवाजाचा बटण खाली केलंय. एक पण रवलो नाय!"

 परबभाऊंचा हात अजून बटणावर होता.

"छान साफ केलंस," मास्तर हळूच म्हणाले. "अगदी घरात माणूस नव्हताच, असं वाटतंय."

कॅसेट पुन्हा करायचं काम माझ्याकडे आलं.

*

त्याच दिवसांतला तो चुकीच्या जागचा श्वास. मी यादीच्या समासात पेन्सिलीने खूण केली. पुढच्या शुक्रवारी त्याच ओळीत दोन श्वास. मग तीन. मी दोन खुणा केल्या, मग तीन.

"परबभाऊ, मास्तरांना दम लागतोय."

"सुकट, वयनी."

"युसुफभाई, इनको डॉक्टर को दिखाइए."

"बहन, उमर है. इंशाल्ला ठीक हो जाएगा."

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू पंख्याचेपण श्वास मोजायचीस."

मास्तरांनी मात्र समासातल्या खुणा पाहिल्या.

"माझी मोजणी चाललीय वाटतं?"

"मास्तर, छातीचा फोटो तरी काढा."

"दोन महिन्यांनी व्हिसाचं मेडिकल आहेच. तेव्हा काढतील, आणि मग घरी पाठवतील." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "वसईला दार कोण उघडणार आहे, बाय? कॅसेट आधी जाऊ दे. रोझी एकदा ऐकू दे. तोवर कुणाला बोलू नकोस."

मी शब्द दिला. तीन आठवडे पाळला. आयुष्यात पहिल्यांदाच मी घाबरून गप्प बसले होते.

*

कॅसेटच्या शेवटी थोडी टेप उरली. मास्तर म्हणाले, तिथे मी रोझीशी दोन शब्द बोलतो.

सोमवारी दुपारी ते आले. शर्टाला इस्त्री, केसांना पाणी लावलेलं. मी माइक पुढे ठेवला, परबभाऊंनी बटण दाबलं आणि बोटाने खूण केली.

मास्तर माइककडे झुकले. अर्धा श्वास आत घेतला.

थांबले.

उरलेला आलाच नाही. ते खुर्चीवरून बाजूला कलंडले, आणि मी त्यांचं डोकं धरलं. नवल म्हणजे मी किंचाळले नाही. परबभाऊ ओरडत होते, युसुफभाई गाडी काढायला धावले होते, आणि मशीन चालूच होतं. बऱ्याच वेळाने टेप संपली. खटाक.

परबभाऊ या वेळी सुकट म्हणाले नाहीत.

*

सरकारी इस्पितळात मास्तरांना ऑक्सिजन लावला. दोन्ही फुफ्फुसं गेली आहेत, घरच्यांना लवकर बोलवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून फोन धरल्यासारखी दोन बोटं कानाशी नेली. रोझीच्या घरचा नंबर मास्तरांचं नाव असलेल्या तबकडीच्या पाकिटावरच लिहिलेला होता. वर्षानुवर्षं माझ्यासमोर होता!

दुकानातून ऑपरेटरकडे वसईचा ट्रंककॉल लावला; लाईन मिळाली की तो उलट फोन करायचा. युसुफभाईंनी फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "जब तक लगे, लगाओ."

पहिल्या दिवशी तासाभराने ऑपरेटरचा फोन आला. "पार्टी बोलायला तयार नाही. बहारीन म्हटल्यावर ठेवला."

दुसऱ्या दिवशी नो रिप्लाय. तिसऱ्या दिवशी तीनदा लावला, तिन्हीदा नो रिप्लाय. संध्याकाळी भेटायला गेले की मास्तर दारापासूनच माझा चेहरा वाचायचे आणि डोळे मिटायचे.

चौथ्या दिवशी परबभाऊ म्हणाले, "वयनी, ती उचलूची नाय." मी पुन्हा कॉल लावला आणि हेड पुसायला बसले.

फोन वाजला तेव्हा मी इतकी दचकले की स्पिरिटची बाटली यादीवर सांडली. पेन्सिलीच्या खुणा ओल्या झाल्या.

"गो अहेड, बहारीन," ऑपरेटर म्हणाला.

मी परबभाऊंना हाताने खूण केली. त्यांनी सगळी मशीनं बंद केली. लाईनवर नुसती खरखर होती, जुन्या तबकडीवर असते तशी. पलीकडे कुणीतरी फोन धरून उभं होतं. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही.

मग बोलण्याच्या आधी अर्धा श्वास आत गेला.

थांबला.

मग उरलेला.